विंडोज १० चा आधार संपला, कामाच्या फायली श्री-देव फाँटमध्ये: जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकावं का?

टंकनघर विचारतात:

लॅपटॉप आय३-५००५यू, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १० होम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि प्रोसेसर पाचव्या पिढीचा असल्याने विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. काम मराठी टंकलेखनाचं: अर्ज, करारनामे, पत्रिकांचा मजकूर. हजारभर वर्ड फायली आहेत. जुन्या श्री-देव-०७१४ आणि डीव्हीबी-टीटीसुरेखमध्ये, नंतरच्या मंगलमध्ये. टायपिंग इन्स्क्रिप्ट कीबोर्डने. प्रिंटर कॅनन एलबीपी २९००.

लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) टाकलं तर यंत्र चालेल का, जुन्या फायलींचं काय होईल, आणि प्रिंटर ओळखला जाईल का?

---

खिळेजुळणी:

यंत्राची चिंता शेवटी करा. तुमची खरी अडचण फाँटची आहे आणि ती विंडोज चालू असतानाच सोडवायला हवी.

श्री-देव, डीव्हीबी-टीटी, शिवाजी, आकृती हे सगळे युनिकोडपूर्व फाँट, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला संकेत देणारी युनिकोड पद्धत येण्याआधीचे. फायलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. फाँट त्या जागी देवनागरी आकार दाखवतो. म्हणून फाँट नसलेल्या यंत्रावर करारनाम्याऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. यात लिनक्सचा दोष नाही, नव्या विंडोजवरही तेच होईल. शिवाय डोंगल लावून चालणारी जुनी टंकन-सॉफ्टवेअरं वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) चालतील असं धरू नका. डोंगलला विंडोजच्या गाभ्यात बसणारा ड्रायव्हर लागतो आणि वाइन तो देऊ शकत नाही.

म्हणून आधी फायलींचं युनिकोडमध्ये रूपांतर. पण कन्व्हर्टरमध्ये अख्खी फाइल ओतू नका. तुमच्या करारनाम्यांत मध्येमध्ये इंग्रजी नावं, पॅन क्रमांक, ईमेल असणारच. कन्व्हर्टरला ती अक्षरंही श्री-देवचीच वाटतात आणि तो त्यांचं निरर्थक देवनागरी करून टाकतो. वर्डच्या शोधा-बदला खिडकीत शोधायचा मजकूर रिकामा ठेवून फक्त फाँट निवडा, म्हणजे त्या फाँटमधले तुकडे वेगळे सापडतात. तेवढेच रूपांतरित करा. प्रत्येक फाँटचा तक्ता वेगळा असतो, त्यामुळे ०७१४ चा तक्ता सुरेखला लावू नका. आणि मूळ फाइल कधीही पुसू नका. रूपांतरित प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. कन्व्हर्टर जोडाक्षरापाशी अडखळला की ‘स्थिती’चं ‘स्िथती’ होतं आणि ‘कार्यालय’चं ‘कायार्लय’. दुसरी चूक तर सरकारी पीडीएफमधून मजकूर उचलणाऱ्या प्रत्येकाने पाहिली असेल. तपासायला सोपी युक्ती: रूपांतरानंतर हलन्त आणि त्याला लागून वेलांटी किंवा काना अशी जोडी शोधा. शुद्ध मराठीत ती कुठेच येत नाही, त्यामुळे सापडेल ती प्रत्येक जागा चूकच. रफाराच्या चुका मात्र अशा पकडता येत नाहीत. त्यासाठी ‘कार्यालय’, ‘निर्मिती’, ‘मूर्ती’, ‘खर्च’ असे शब्द डोळ्यांनी बघावे लागतात.

हजार फायली एकदम करू नका. दहा करा, छापा, वाचा, मग पुढे.

---

स्क्रूड्रायव्हर:

यंत्राचं सांगतो. मिंट २२ ला किमान २ जीबी रॅम चालते, ४ जीबी सुचवलेली आहे, आधार २०२९ पर्यंत आहे. तुमच्याकडे नेमकी ४ जीबी. मिंटची सिनॅमन आवृत्ती घेऊ नका, हलकी एक्सएफसीई घ्या. तरी ब्राउझरचे आठ-दहा टॅब आणि लिब्रेऑफिस एकत्र उघडलं की रॅम भरेल. आधी मोकळा स्लॉट आहे का बघा आणि ४ जीबीची डीडीआर३एल पट्टी घाला. ‘एल’ महत्त्वाचा, ती १.३५ व्होल्टची असते. साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ पट्टी या लॅपटॉपांत बहुधा चालत नाही.

रॅमपेक्षाही मोठा फरक पडेल २.५ इंची साटा एसएसडीने. २४०-२५६ जीबी पुरे. आणि इथेच तुमचा सगळ्यात मोठा धोका टळतो: विंडोजची जुनी हार्ड डिस्क पुसू नका, काढून यूएसबी केसमध्ये ठेवा. मिंट कोऱ्या एसएसडीवर. एखादी फाइल विंडोजशिवाय उघडतच नसेल, तर चार स्क्रू काढून जुनी डिस्क परत बसवता येते. एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण पार्टिशन लहान-मोठं करताना वीज गेली की दोन्हीकडचं जाऊ शकतं.

डिस्क काढण्याआधी विंडोज शिफ्ट धरून शटडाउन करा. नेहमीच्या शटडाउनमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ डिस्कला अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सोडतं आणि मग लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडतं. फाइल सेव्ह होत नाही म्हणून लोक डिस्कला दोष देतात, कारण मात्र हे असतं.

मिंटची प्रतिमा (आयएसओ फाइल) उतरवल्यावर फाइल धड उतरली का ते कळण्यासाठी शा२५६ बेरीज जुळवून बघा, मग एचर किंवा रुफस या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. बूट मेनूची कळ कंपनीप्रमाणे बदलते: एफ१२, एफ९ किंवा एस्केप. आधी ‘लाइव्ह’, म्हणजे न बसवता पेनड्राइव्हवरूनच, चालवा आणि वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं हे तीन तपासा. त्या काळच्या अनेक लॅपटॉपांत ब्रॉडकॉम ४३१४२ वायफाय असतं. ते लाइव्हमध्ये दिसत नाही. घाबरू नका, फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा, मिंट बसवा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर घ्या. सिक्युअर बूट (अनोळखी ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर त्या वेळी एक पासवर्ड विचारतो आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू’ दाबलं की ड्रायव्हर बसूनही वायफाय चालत नाही.

---

रफार:

इन्स्क्रिप्टसाठी वेगळं काही बसवायला लागत नाही. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट टॅबवर ‘सिस्टिमचं वापरा’ची खूण काढा आणि मराठीचा इन्स्क्रिप्ट लेआउट जोडा. बोटांना लागलेल्या जागा त्याच आहेत: ळ शिफ्ट-एनवर, ऱ शिफ्ट-जेवर, हलन्त डीवर. ‘दुसऱ्या’ लिहिताना शिफ्ट-जे, डी, मग य. घरातल्या कुणाला रोमन उच्चाराने टाइप करायचं असेल तरच आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं बसवा. त्यात मराठीखाली आयट्रान्स आणि फोनेटिक मिळतात.

लिब्रेऑफिसमध्ये पहिल्याच दिवशी अडाल ती गोष्ट: मजकूर निवडून फाँट किंवा आकार बदलला आणि मराठी हललंच नाही. लिब्रेऑफिस रोमन आणि ‘कॉम्प्लेक्स’ लिप्यांचा फाँट स्वतंत्र ठेवतं. ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट सुरू करून भाषा मराठी ठेवा, मग कॅरेक्टर खिडकीत दोन्ही रकाने दिसतात. भाषा हिंदी राहिली तर ज्या फाँटमध्ये मराठी वळण वेगळं दिलेलं आहे, तिथेही ल आणि श हिंदी वळणाचे येतात. पत्रिकेच्या मजकुरात हे लगेच डोळ्यात भरतं.

मंगल हा विंडोजसोबत येणारा फाँट, तो मिंटमध्ये नसेल. त्याच्या जागी दुसरा फाँट आला की ओळी आणि पानं सरकतात. स्टॅम्प पेपरवर छापायच्या करारनाम्याला हे परवडत नाही. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका घ्या, दोन्ही मुक्त आहेत, आणि नमुना-फायली एकदा नव्याने मांडून ठेवा. गिऱ्हाइकाला पीडीएफच द्या.

प्रिंटरबाबत मात्र वाईट बातमी. एलबीपी २९०० ला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या नेहमीच्या भाषा कळत नाहीत. पानाचं चित्र संगणकच तयार करतो आणि कॅप्ट नावाच्या खास पद्धतीने पाठवतो. लिनक्ससाठी त्याचा ड्रायव्हर आहे, पण त्याची पार्श्वभूमीत चालणारी सेवा प्रिंटर चालू नसताना सुरू झाली तर काम ‘पाठवलं’ दिसतं आणि कागद हलत नाही. आधी प्रिंटर चालू करा, मग लॅपटॉप. रोजच्या धंद्यासाठी मी याच्यावर विसंबायचा सल्ला देणार नाही. दुसरा घ्यायचा झाला तर एअरप्रिंट चालणारा घ्या. तो ड्रायव्हरशिवाय ओळखला जातो. स्वस्त म्हणून एचपी १०२० मिळाला तरी थांबा: त्याला दर वेळी चालू झाल्यावर फर्मवेअर पाठवावं लागतं आणि त्यासाठी एचपीलिपचा (एचपीचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर) वेगळा प्लगइन बसवावा लागतो.

---

टंकनघर:

एसएसडी आणि ४ जीबी पट्टी बसवली. वायफाय टेदरिंगने सुटलं. पहिल्या दहा फायलींत वेलांटीच्या तीन चुका सापडल्या, दुरुस्त केल्या. आता नवी अडचण: ‘ॲडव्होकेट’ शोधलं तर निम्म्या फायलींत सापडत नाही, पण डोळ्यांना शब्द तसाच दिसतो. ‘दुसऱ्या’चंही तेच.

---

खिळेजुळणी:

दोन्ही शब्द दोन प्रकारे साठवता येतात. जुन्या मजकुरात ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेलं असतं, २००८ मध्ये युनिकोड ५.१ आल्यावर ‘ॲ’ला स्वतंत्र संकेत मिळाला. तसंच ‘दुसऱ्या’त काही कन्व्हर्टर साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक घालतात, तुम्ही मात्र शिफ्ट-जेचा ऱ टाइप करता. पडद्यावर आकार एकच, संगणकाला शब्द वेगळे.

कन्व्हर्टरने दिलेल्या फाइलमधून फक्त र्‍ एवढाच भाग, यानंतरचा य सोडून, कॉपी करून शोधाच्या रकान्यात चिकटवा आणि बदलाच्या रकान्यात शिफ्ट-जे व डी टाइप करा. मराठीत हा अर्धा र य आणि ह यांच्याआधीच येतो, त्यामुळे ‘सगळे बदला’ दाबायला हरकत नाही. ‘अॅ’साठीही तसंच. बदलल्यावर ‘तऱ्हा’ आणि ‘ॲप’ शोधून बघा. मागच्या दहा फायलींवर आधी, मग उरलेल्यांवर.