जमिनीतील जिवाणूंची तपासणी कशी व कोठे करून घ्यावी? (सल्ला हवा आहे)

कृष्णाकाठ: नमस्कार. वाळवा तालुक्यात आमची साडेचार एकर उसाची जमीन आहे. त्यांपैकी दोन एकरांत गेली चार वर्षे मी पाचट न पेटवता सरीतच कुजवतो आणि खोडवा निघाल्यावर ताग गाडतो. उरलेल्या रानात धाकट्या बंधूंच्या आग्रहामुळे पाचट अजूनही पेटवले जाते. दोन्हीकडची ढेकळे हातात घेतली तरी फरक कळतो, पण मृद आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब एका ठिकाणी ०.५४ टक्के तर दुसऱ्या ठिकाणी ०.५८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखाच आहे. पत्रिकेवरील बारा घटकांत जिवाणूंचा रकानाच नाही. एका खासगी प्रयोगशाळेचा प्रतिनिधी 'एका ग्रॅम मातीत किती कोटी जिवाणू आहेत ते मोजून देतो' असे सांगून नमुन्यामागे अठराशे रुपये मागत आहे. ही तपासणी करून घ्यावी का?

मृदाप्रेमी: मी मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे काम केले असून आता निवृत्त आहे. त्या अठराशे रुपयांचे शेणखत घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशी मोजणी बहुधा आगरच्या (जिवाणू वाढवण्यासाठीच्या जेलीसारख्या पदार्थाच्या) बशीवर वाढलेल्या वसाहती, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, मोजून केली जाते, आणि मातीतील जिवाणूंपैकी साधारण एक टक्काच अशा बशीत वाढतात. त्यामुळे कागदावरचा कोटींचा आकडा मोठा दिसला, तरी तो आपल्या जमिनीबद्दल फारच थोडे सांगतो.

जिवाणू किती आहेत यापेक्षा ते काम किती करतात, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. त्यासाठी मातीचे श्वसन मोजावे. हवाबंद बरणीत ५० ग्रॅम ओलसर माती आणि तिच्या शेजारी लहान कपात ०.५ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचे २० मिलिलिटर द्रावण ठेवावे. जिवाणू श्वासावाटे जो कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो सोडा शोषून घेतो. सात दिवसांनी कपात बेरियम क्लोराइड टाकून उरलेला सोडा तितक्याच तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाने मोजावा. त्यासाठी कपात फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचे थेंब टाकावेत आणि त्याचा गुलाबी रंग जाईल तेथे थांबावे. माती न घातलेली एक बरणी सोबत ठेवलीच पाहिजे, कारण बरणीतील हवेतही थोडा वायू असतोच. त्या रिकाम्या बरणीपेक्षा जितके मिलिलिटर आम्ल कमी लागेल, तितक्या प्रत्येक मिलिलिटरला ११ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरावा. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत हे सर्व साहित्य असते. मात्र सोडा व आम्ल हातमोजे घालून आणि तेथील शिक्षकांच्या देखरेखीखालीच हाताळावे.

खरी चूक नमुना घेतानाच होते. रासायनिक तपासणीसाठी आपण माती सावलीत वाळवतो, तशी येथे वाळवू नये. वाळलेली माती पुन्हा भिजली की जिवाणू एकदम उसळतात आणि काही दिवस श्वसनाचे आकडे फुगतात. वळवाच्या पहिल्या सरीनंतरही जमिनीत हेच घडत असते. म्हणून दोन्ही रानांतून एकाच दिवशी, पाण्याच्या पाळीनंतर वाफसा आल्यावर, ० ते १५ सेंटिमीटर खोलीवरून आठ-दहा ठिकाणची माती घ्यावी आणि ती ओलसरच चाळून शीतकपाटात ठेवावी. बुडख्याला चिकटून असलेली माती घेऊ नये, मुळांभोवती जिवाणूंची गर्दी नेहमीच जास्त असते. खते टाकल्यानंतर लगेच नमुना घेतल्यास त्याचाही उपयोग नाही.

आकडा कितीही आला तरी त्याची तुलना आपल्याच दुसऱ्या तुकड्याशी आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात घेतलेल्या आकड्याशी करावी. शेजारच्या गावातील आकड्याशी केलेली तुलना निरर्थक ठरते.

माळरान: ज्यांना रसायनांत शिरायचे नाही त्यांच्यासाठी माझा अनुभव सांगतो. जुन्या सुती धोतराचे समान वजनाचे सहा तुकडे मी दोन रानांत वीतभर खोल पुरले आणि साठ दिवसांनी काढले. शेणखताच्या रानातील तुकड्यांची केवळ जाळी उरली होती; काठाची शिवण तेवढी शाबूत होती, कारण तो दोरा पॉलिएस्टरचा होता. दुसऱ्या रानातील एक तुकडाही असाच खलास झालेला पाहून मी चक्रावलो, पण त्याच्या कडेला मातीचे बारीक बोगदे दिसले. ते काम जिवाणूंचे नसून वाळवीचे होते! तेव्हा एकाच तुकड्यावर विसंबू नये.

मृदाप्रेमी: उत्तम निरीक्षण आहे. दोन्ही रानांना पाणी सारखे मिळाले होते ना, एवढे मात्र तपासून पाहावे, कारण ओलाव्यात फरक असला तर कापड कुजण्यातही फरक पडतो.

कृष्णाकाठ यांना पुढे प्रयोगशाळेतूनच खात्री करायची असल्यास कृषी विद्यापीठाच्या मृदाशास्त्र विभागात डिहायड्रोजनेज या विकराची (जिवाणूंच्या एन्झाइमची) किंवा जैविक कर्बाची, म्हणजे जिवाणूंच्या शरीरातील कर्बाची, चाचणी होऊ शकते का, याची चौकशी करावी. एकूण सेंद्रिय कर्बात जिवाणूंच्या शरीरातील कर्बाचा वाटा साधारण एक ते पाच टक्केच असतो, परंतु मशागत बदलली की हा छोटा वाटा आधी हलतो आणि एकूण कर्ब मागाहून. आपल्या पत्रिकेवर फरक न दिसण्याचे हे एक कारण असू शकते.

द्राक्षमळा: तासगाव भागातील माझ्या बागेसाठी डिहायड्रोजनेज चाचणी चालेल का? बोर्डोची (मोरचूद व चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाची) फवारणी वर्षानुवर्षे होत आहे.

मृदाप्रेमी: आपल्यासाठी ती टाळलेलीच बरी. या चाचणीत रंगहीन क्षाराचे लाल रंगात रूपांतर होते आणि त्या लालीवरून जिवाणूंची हालचाल ठरवतात. बोर्डोतील तांबे मातीत साठलेले असले, तर ते त्या लाल रंगावरच परिणाम करते आणि जिवाणू धडधाकट असतानाही आकडा कमी येतो. आपण श्वसनाचीच चाचणी करावी. मात्र ओळीतील माती आणि दोन ओळींमधील माती वेगवेगळ्या बरण्यांत ठेवावी.

कृष्णाकाठ: आभारी आहे. बंधूंनाही बरण्या भरताना सोबत घेतो, म्हणजे आकडा माझ्या बाजूचा आहे असे त्यांना म्हणता येणार नाही.