जागृतीपेक्षा शेजार
'पर्यावरणाबद्दल जागृती वाढली की लोक आपोआप बदलतील' असं अनेकदा म्हटलं जातं; हे मत मला पटत नाही. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा हे गाव बघा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून उजाड डोंगरावर जंगल परत आणलं, ते भाषणांच्या जोरावर नाही. वृक्षतोडीवर बंदी गावानं स्वतः ठरवली, दंडही गावानंच लावला. नियम आपलाच असला की मोडताना शेजाऱ्याची नजर आडवी येते. गोल्डस्टीन, चाल्डिनी वगैरे मानसशास्त्रज्ञांच्या २००८ च्या हॉटेलमधल्या प्रयोगातही 'पर्यावरण वाचवा'पेक्षा 'बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' ही पाटी जास्त चालली. आमच्या जळगावकडे ठिबकही बरंचसं असंच पसरलं, शेजारच्या मळ्यातला केळीचा घड बघून. हेतू उत्पन्नाचा होता, पाणीही वाचलं; त्यात मला काहीच वावगं वाटत नाही.