उत्तर: कानबाईची कॅसेट – चित्र पुढे, आवाज मागे (तातडीचं)

प्रेषक: नाना, सध्या अमळनेर

मंडळी, तिकडे अमेरिकेत मंडळाच्या सभागृहात लावायची ती कॅसेट, खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवातल्या गाण्यांची, सापडली. माईंच्या कपाटात, शालूच्या घडीत. व्हीसीआरही चालू आहे. पण कालपासून दोनदा लॅपटॉपवर कॅप्चर केलं, म्हणजे उतरवून घेतलं, दोन्ही वेळा तेच. पहिली पंधरा मिनिटं ठीक, मग चित्र आवाजाच्या पुढे पळतं. शेवटी शेवटी बायांनी ओठ मिटलेले असतात आणि गाणं चालूच. तीन सेकंदांचा तरी फरक. पिवळी-पांढरी वायर, व्हीसीआरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारी मंडळाची जुनी यूएसबी स्टिक, तिच्याच सीडीवरचं सॉफ्टवेअर. दुपारी लाइट जाते, गुरुवारी विमान आहे. काय करू?

प्रेषक: आबा, एडिसन

नाना, कॅसेट बॅगेत टाक आणि घेऊन ये. इथे निवांत करू. माझ्याकडे तळघरात व्हीसीआर आहे.

प्रेषक: भाऊ, पार्सिपनी

आबा, तुमच्या व्हीसीआरवर ती चालायची नाही. आपल्याकडची कॅसेट पाल पद्धतीची, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ फ्रेम. इथली यंत्रं एनटीएससी, ५२५ रेषा आणि सुमारे ३० फ्रेम. लावलीत तर चित्र नुसतं लोळेल. जे करायचं ते अमळनेरातच.

नाना, दोष व्हीसीआरचा नाही. कॅसेट जिथे झिजलीय तिथे सिग्नल डळमळतो आणि स्टिक त्या फ्रेम गाळून टाकते. आवाज मात्र अखंड येतो. चित्राची लांबी कमी भरते, म्हणून ते पुढे जातं. शंभर फ्रेम गळल्या की चार सेकंद गेले. सॉफ्टवेअरमध्ये गळलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो का, ते बघा. आणि स्टिक लॅपटॉपला थेट लावा. हबवर बाहेरची डिस्क असेल तर ती आधी काढा.

प्रेषक: अक्का, एडिसन

एवढा खटाटोप कशाला? टीव्हीसमोर स्टँडवर मोबाइल ठेवायचा.

प्रेषक: ताई, प्रिन्स्टन

अक्का, नको. मी सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीची कॅसेट तशीच केली होती. जुन्या टीव्हीच्या पडद्यावर सबंध वेळ काळे पट्टे वर सरकत राहिले, काचेत खिडकी दिसत होती, आणि मामंजींच्या बोलण्यापेक्षा आमच्या पंख्याचा आवाज मोठा. मूळ कॅसेट नंतर बुरशीने गेली. आता घरात तेवढंच उरलंय आणि ते बघवत नाही.

नाना, कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरं काही दिसतं का, ते आधी पाहा. दिसलं तर अजिबात लावू नका, हेडही खराब होईल.

प्रेषक: आबा, एडिसन

स्टिक दिलीच का? मंडळाच्या साहित्याच्या पेटीत एचडीएमआयचं नवं कॅप्चर कार्ड आहे, मीच आणलंय. न्यायच्या आधी मला विचारायला हवं होतं. पेटीची यादी मी ठेवतो.

प्रेषक: अक्का, एडिसन

आबा, त्याच कार्डावर दिवाळीला काळा पडदा आला होता.

प्रेषक: भाऊ, पार्सिपनी

तो कार्डाचा दोष नव्हता, अक्का. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयमधून एचडीसीपीचं, म्हणजे नक्कल रोखणारं, कुलूप लावून चित्र पाठवतो, म्हणून कार्डावर काळं येतं. स्वतःच्या कॅमेऱ्याला किंवा लॅपटॉपला ते उत्तम चालतं. पण व्हीसीआरला एचडीएमआय नसतं. मध्ये रूपांतराची डबी लावावी लागेल, आणि स्वस्त डबी दोन अर्ध्या फ्रेम एकमेकींत कालवून टाकते. हललेल्या हाताला दात पडलेले दिसतात. इथे जुनी स्टिकच बरी, फक्त तिच्या आधी काहीतरी सिग्नल सावरणारं हवं.

नाना, गावात कोणा शूटिंगवाल्याकडे डीव्हीडी रेकॉर्डर पडलेला असेल तर मागून आणा. प्लेअर नव्हे, रेकॉर्डर. व्हीसीआरची वायर त्याच्या इनमध्ये, त्याच्या आउटमधून स्टिकला. डिस्क घालायची गरज नाही. बरेचसे रेकॉर्डर वेडावाकडा सिग्नल सरळ करून पुढे देतात.

प्रेषक: जिजी, बोस्टन

गाणीच हवीत तर नुसता आवाज घ्या ना. आणि एक विचारते, कानबाईच्या प्रसादाचे रोट आपण भाऊबंदकीबाहेर देत नाही, मग घरातलं चित्रीकरण सभागृहात सगळ्यांसमोर लावणं बरोबर दिसेल का?

प्रेषक: ताई, प्रिन्स्टन

जिजी, रोट भाऊबंदकीतच राहतील. पण गाणी गल्लीतल्या सगळ्या बाया रात्रभर म्हणायच्या, कोणाला कधी परत पाठवलं नाही. माझ्या मुलींनी अहिराणी फक्त फोनवर ऐकलीय. त्यांना हात कसे वळतात, ताल कुठे धरतात ते दिसू दे.

प्रेषक: नाना, सध्या अमळनेर

भाऊ, जमलं. चोपड्याच्या मावसभावाकडे रेकॉर्डर होता, मोटारसायकलवर घेऊन आला. बुरशी नाही. कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घेतली, मग रात्री अकराला, लाइटचा भरवसा असताना, लावली. एक तास आठ मिनिटं. गळलेल्या फ्रेम चार. ओठ आणि शब्द शेवटपर्यंत जुळलेले.

चौरंगावर नारळाची कानबाई स्वच्छ दिसते, तिची नथसुद्धा. मागे डाव्या हाताला निळ्या लुगड्यात माझी आजी. माई लॅपटॉपला नाक टेकवून बसली होती, म्हणाली, "मन्ही मायना आवाज शे." मग दोनदा तीच जागा लावायला लावली. जिजी, म्हणून नुसता आवाज नको.

आता एकच अडलंय. फाइल सहा जीबीची आहे, पेनड्राइव्हवर जात नाही. जागा असूनही फाइल मोठी आहे म्हणतो.

प्रेषक: भाऊ, पार्सिपनी

पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यावर एक फाइल ४ जीबीच्या वर बसत नाही. आतलं सगळं दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. लॅपटॉपवरची प्रत पुसू नका, आणि एक प्रत मावसभावाकडे ठेवून या. कॅसेट हातातल्या बॅगेत.

प्रेषक: आबा, एडिसन

नाना, विमानतळावर मी येतो घ्यायला. स्टिक तेव्हाच दे, पेटीत मी ठेवतो. सभागृहाचा प्रोजेक्टर शनिवारी संध्याकाळी लावून बघू. अक्का, किल्ली तुझ्याकडे आहे ना?