मांजर घेऊन कालव्यातून : तुमचे अनुभव लिहा

इंग्लंडातले आपले बरेच लोक सुट्टीत नॅरोबोट (कालव्यांतली लांबट, अरुंद बोट) भाड्याने घेतात, काही तर बोटीवरच राहतात. कुत्र्यांविषयी माहिती ढीगभर मिळते, मांजराचं विचारलं की लोक हसतात. ज्यांनी माऊला घेऊन कालवे पालथे घातलेत त्यांनी लिहा. गोड फोटो नंतर, आधी कामाचं.

*

आम्ही केनेट अँड एव्हन कालव्यावर बोटीत राहतो. बोट बांधून ठेवायची कायमची जागा नसेल तर एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आपलं घर तेच, पण बोक्याचा इलाखा सारखा बदलतो. लोकांना भीती पाण्याची वाटते. मला विचाराल तर खरा घोर हा. रात्री शेतात उंदरांमागे गेलेला बोका सकाळी जिथून निघाला तिथेच परततो, आणि बोट तिथे नसली तर? म्हणून आदल्या संध्याकाळपासून दारं-खिडक्या बंद. बोका डोळ्यांना दिसल्याशिवाय इंजिनला हात लावायचा नाही, मग कितीही उशीर होवो.

लॉकमध्ये (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारा दारांचा हौद) तर त्याला बोटीच्या आतच ठेवायचं. भिंत आणि बोट यांच्या फटीत उडी चुकली तर चिरडायला वेळ लागत नाही. याच कालव्यावर डेव्हायझेस गावाजवळ २९ लॉक आहेत, त्यातले १६ केन हिलवर ओळीने. दिवसभर आतून शिव्या येतात. येऊ देत.

*

पडतात हो, कधी ना कधी पडतातच. पोहताही येतं. पण काठ बरेचदा दगडी नाहीतर लोखंडी पत्र्याचा, बोट पोलादी, नखं रुतणार कशात? बोट बांधली की मागच्या बाजूने जुन्या गालिच्याची पट्टी पाण्यात सोडून ठेवा. निघताना आठवणीने वर ओढा, नाहीतर बोट ढकलणाऱ्या पंख्यात गुंतेल. लाइफजॅकेट पाठीवर हँडल असलेलंच घ्या, म्हणजे उचलता येतं.

*

बोगद्यांचं कुणीच लिहिलं नाही! ब्लिसवर्थचा बोगदा २.८ किमी. कालव्यांवर वेगमर्यादा ताशी ४ मैल, बोगद्यात त्याहून हळूच. मिट्ट काळोख, त्यात डिझेलची घरघर घुमते. आमची मनी पलंगाखालच्या खणात शिरली ती जेवायलाच बाहेर आली. वेल्समधला पॉन्टकसल्टे जलसेतू (१८०५ चा, ३८ मीटर उंच) मात्र तिने खिडकीतून मजेत पाहिला. खिडकी बंद ठेवा. एका बाजूला कठडाच नाही.

*

स्पष्टच लिहिते, आठवड्याच्या सुट्टीसाठी मांजर नेऊ नका. बोटीचा वास ओळखीचा होईपर्यंत परतायची वेळ येते. शेजाऱ्यांकडे किल्ली द्या.

*

वरच्या ताईंशी असहमत. आमची भाटी हार्नेसवर (अंगाला पट्टा, त्याला दोरी) दुसऱ्या दिवशी छपरावर ऊन खात होती. स्वभाव असतो एकेकीचा. कातडीखालची ओळखीची मायक्रोचिप मात्र हवीच. इंग्लंडात जून २०२४ पासून पाळीव मांजरांना सक्तीची आहे. नोंदीतला फोन नंबर चालू आहे ना, तेही बघा.

*

फ्रान्सचे कालवे डोक्यात असतील तर: मांजराला तिथून ब्रिटनला स्वतःच्या बोटीतून आणता येत नाही, मान्यताप्राप्त मार्गानेच यावं लागतं. आधी कागदपत्रं, मग स्वप्नं.

*

वाळूचा ट्रे कुठे ठेवता? बोट जेमतेम सात फूट रुंद!

*

शॉवरमध्ये. अंघोळीपुरता बाहेर काढायचा. पाहुणे आले की जरा पंचाईत होते.