मधपेट्या ठेवायला परवाना लागतो का?

दिंडोरीजवळ कांदा बियाण्याच्या प्लॉटशेजारी सातेरीच्या (पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या) पेट्या ठेवायच्यात. बांधाला लागून द्राक्षबाग आहे. शेजारी म्हणतो, "आधी परवाना दाखव!" त्याला खरी भीती डंखाची, कायद्याची नाही. नोंदणी कुठे करायची?

– दादा, राष्ट्रीय मधमाशी मंडळाचं मधुक्रांती पोर्टल आहे, 2021 पासून. तिथे करा. प्रशिक्षणासाठी महाबळेश्वरचं मध संचालनालय.

– आणि मध विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना लागतोच. बाटलीवर त्याचा 14 आकडी नंबर छापायचा. चुलतभावाने नुसतं 'शुद्ध मध' लिहिलेलं, दुकानदाराने खोकं तसंच परत पाठवलं.

– कागदपत्रं होतील हो. शेजाऱ्याशी फवारणीचं आधी बोला. फवारा संध्याकाळी, माश्या पेटीत परतल्यावर. सकाळच्या फवारणीने माझ्या पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता.