खनिज तेल सापडल्यावर भुईमुगाची निर्यात का आटते?

प्रश्न (डाळिंब बागायतदार, सांगोला):
आमचे डाळिंब व्यापाऱ्यामार्फत दुबईला जाते, त्यामुळे तेलवाले देश म्हणजे चांगले गिऱ्हाईक, एवढीच आमची समजूत होती. मुलीच्या एम.ए.च्या अभ्यासात मात्र असे आले की, नायजेरियातील कानो शहरात निर्यातीच्या भुईमुगाच्या पोत्यांचे मनोरे रचले जात आणि तेलाचा पैसा आल्यावर ते दिसेनासे झाले. जमीन तीच, शेतकरी तोच. मग बिघडले कुठे?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, सोलापूर):
आपल्याच पेटीचा हिशेब करावा. दुबईत पेटीला दहा डॉलर मिळतात असे धरू. डॉलर ऐंशी रुपयांचा असेल तर आठशे रुपये येतात, पन्नासवर उतरला तर पाचशेच; छाटणीची मजुरी, पेटी आणि भाडे मात्र रुपयांतच भागवावे लागते. 1973-74 मध्ये तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले, तेव्हा नायजेरियात डॉलरचा ओघ वाढला, नायरा (तिथले चलन) महाग राहिला, म्हणजे निर्यातीच्या डॉलरमागे हाती कमी नायरा पडले, सरकारी पगार व बांधकामे वाढली, मजूर शहरांकडे वळले आणि बाहेरचे धान्य स्वस्त पडू लागले. नेदरलँड्समध्ये नैसर्गिक वायू सापडल्यावर कारखानदारीला असाच फटका बसला, म्हणून 1977 मध्ये एका ब्रिटिश साप्ताहिकाने याला 'डच डिसीज' म्हटले. आपल्या बागेतल्या डाळिंबावरच्या 'तेल्या' रोगाशी याचा संबंध नाही, पण नाव शोभले असते.

उत्तर २ (विद्यार्थी):
सगळे खापर तेलावर फोडू नये, असे मला वाटते. त्याच सुमारास दुष्काळ पडला, 1975 मध्ये भुईमुगावर रोझेट रोगाची साथ आली आणि सरकारी खरेदी मंडळे शेतकऱ्याला जागतिक भावापेक्षा बरेच कमी देत. घानाजवळ तेव्हा मोठे तेल नव्हते, तरी सेडी या तिथल्या चलनाचा दर कृत्रिमरीत्या चढा ठेवल्याने तिथल्या कोकोचीही वाताहत झाली.

उत्तर १:
मुद्दा मान्य आहे. इंडोनेशियाने तेल असूनही नोव्हेंबर 1978 मध्ये रुपिया हे आपले चलन डॉलरला 415 वरून 625 वर नेऊन स्वस्त केले, तेलाचा पैसा खते व सिंचनात घातला आणि 1984 च्या सुमारास तो देश तांदळात स्वयंपूर्ण झाला.

प्रश्नकर्ता:
चलन उतरवल्यावर आयात खत महागले नसेल का, असे मुलगी विचारते.

उत्तर १:
प्रश्न रास्त आहे. युरिया मात्र ते आपल्याच नैसर्गिक वायूपासून देशात बनवत होते आणि शेतकऱ्याला अनुदानित दराने देत होते.