झेडपी शाळेतले जुने पीसी आणि बूट सीडी: कमांडनेच राइट करावी का?

टर्मिनलवाला, दारव्हा
आमच्या भागातल्या शाळांत जुने डेस्कटॉप धूळ खात पडलेत. त्यांचं बायोस (पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवरून बूट होत नाही, सीडीवरून होतं. हलकं लिनक्स टाकायचं आहे. माझं मत: आयएसओ (अख्ख्या सीडीची एक फाइल) कमांडनेच राइट करावी. वोडिमला (लिनक्सची सीडी राइट करायची कमांड) ड्राइव्हचं नाव (बहुतेक एसआर-झिरो), वेग, डीएओ (अख्खी सीडी एका दमात राइट करणं) आणि फाइलचं नाव सांगितलं की झालं. एका ओळीचं काम, दुसऱ्या गावच्या गुरुजींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतं.

वऱ्हाडी माउस
काऊन एवढा आटापिटा भाऊ? विंडोज ७ पासून आयएसओवर राइट क्लिक केलं की बर्न करायचा पर्याय येते. अन् तुमचं केथ्रीबी, म्हंजे लिनक्सचं माउसवालं बर्निंग सॉफ्टवेअर, तरी आतून वोडिम नाहीतं तसलीच सीडीरेकॉर्ड कमांड चालवते. मंग ओळ टायपून वेगळं काय होते?

टर्मिनलवाला, दारव्हा
राइट तेच होतं, पण काय बिघडलं ते स्क्रीनवर दिसतं. आणि खरी गोष्ट तपासणीची. टीएओने (एकेक ट्रॅक वेगळा) राइट केलेल्या सीडीच्या शेवटी दोन रन-आउट ब्लॉक असतात, ते फाइलचा भाग नसतात. अख्खी सीडी वाचायला गेलं की शेवटी एरर येऊ शकते, शा-२५६ (फाइल तंतोतंत तीच आहे का ते सांगणारा आकडा) जुळत नाही, आणि माणूस चांगली सीडी फेकून देतो. म्हणून आयएसओचे बाइट २०४८ ने भागायचे, तेवढेच ब्लॉक डीडी या कॉपी करायच्या कमांडने वाचायचे आणि मग जुळवायचं.

वऱ्हाडी माउस
केथ्रीबीत व्हेरिफायची खूण हाय, एक टिचकी. गुरुजींनं पोरं शिकवावं का भागाकार करत बसावं?

लाइन गेली
डेस्कटॉपवर राइट करू नका, लॅपटॉपवर करा, त्याले बॅटरी असते. ड्राइव्हमध्ये बर्नफ्रीची सोय आहे म्हणून निर्धास्त राहणारे लय पाहिले. ते बफर रिकामं झालं, म्हंजे राइट करताना डेटा वेळेवर नाही पोचला, तं सांभाळते. लाइन गेली की सीडी-आर कचऱ्यात.

पेनड्राइव्ह समर्थक
मुळात सीडीच कशाला? उबंटूची डेस्कटॉप आयएसओ १२.१० पासूनच ७०० एमबीत बसत नाही. बायोसची अडचण सगळ्याच मशीनला नसते, आधी तपासा तरी.

टर्मिनलवाला, दारव्हा
उबंटू टाकतंय कोण? पपीच्या छोट्या आवृत्त्या किंवा टायनी कोअर ही हलकी लिनक्स आरामात बसतात. आणि पेनड्राइव्हसाठी डीडी चालवताना एसडीबीच्या (पेनड्राइव्हचं नाव) जागी एसडीए (बहुतेक हार्डडिस्कचं) टाइप झालं की हार्डडिस्क साफ. वोडिमला चुकीचा ड्राइव्ह दिला तर ते नुसतं नाही म्हणतं. शिवाय शाळेचा पेनड्राइव्ह लग्नाची गाणी भरायला गावभर फिरतो, व्हायरस घेऊन परत येतो. सीडी-आरवर नंतर काही चिकटत नाही.

वऱ्हाडी माउस
व्हायरसचं पटलं. कमांडचं नाई. गुरुजींले केथ्रीबीच टाकून देजा.

लाइन गेली
सरावाला सीडी-आरडब्ल्यू घ्या, वोडिमच्या ब्लँक फास्टने पुसून परत वापरता येते. आधी वोडिमचा डमी पर्याय चालवून पाहा, लेझर बंद राहून नुसती रंगीत तालीम होते. माउसवाल्यांनीबी पाहावी.